विहिणीसाठी एक गाणं

सौंसरला आमच्या शेजारी एक बाई राहतात. दारात कोणी आलं की आधी सोललेलं संत्रं त्याच्या हातात ठेवतील आणि मग कोण आलं ते पाहतील. त्यांची सून जर्मनीची. तिची आई पहिल्यांदाच इकडं येणार होती, आणि दोघी विहिणींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

"तिच्यापुढं मी का मुकी बसू?" असं म्हणून बाई पोळ्या लाटताना रोज मोबाईलवर एक व्हिडिओ लावू लागल्या. त्यात तिकडचे पाच बाप्ये काळे कोट घालून आजोबांच्या काळातली गाणी पुन्हा म्हणतात. प्रत्येकाचा सूर निराळा, पण मिळून एक गाणं होतं. बाईंनी एक गाणं आपल्या लिपीत लिहून घेतलं आणि कडेच्या जाड्या गायकाची चाल उचलली, कारण म्हणे त्याचं तोंड स्वच्छ उघडतं.

विहीण आल्या. आम्हा शेजाऱ्यांसोबत चहा झाल्यावर बाईंनी पदर सारखा केला आणि गाणं सुरू केलं. मला तर जात्याची घरघरच वाटली, बरं. विहिणीलाही काही उमगेना.

मुलगा हळूच म्हणाला, "अवं आई, तू तर साथीची चाल म्हणून राहिली. खरी चाल वरची आहे."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात विहिणीनं शब्द ओळखले, कप खाली ठेवला आणि वरचा सूर धरला. दोघींचं मिळून गाणं उभं राहिलं.

नंतर मुलगा म्हणाला, "वरची चाल शिकवू का तुला?"

"नोको रे बाबू," बाई म्हणाल्या, "मंग त्या कोणती चाल म्हणतीन?"