कात्रजचं पाणी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा पाण्याचा कॅन माझ्या ओट्याखाली भरून ठेवलेला होता. शनिवार होता. शनिवारी ती कात्रजला माझ्याकडे यायची, चहा घ्यायची, पाच लिटरचा कॅन उचलायची आणि बसनं सहकारनगरला परत जायची. फोनवर माझा धाकटा भाऊ अविनाश होता, म्हणजे तिचा नवरा. "ताई, शैला उठतच नाहीये," एवढंच म्हणाला. मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच सगळं आटोपलं होतं...

तेराव्याला माणसं जमली. "साक्षात अन्नपूर्णा हो!" असं जो तो म्हणत होता, तोंडात जिलबी ठेवून. मला एकेकाला उठवून विचारावंसं वाटत होतं, की बाबांनो, तिला जे करावंसं वाटायचं त्यातलं काय खाल्लंत तुम्ही? नणंदेनं भावजयीची बाजू घेऊन भांडायची आपल्याकडे पद्धत नाही. नसू दे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचं तर चार गोड शब्द लिहावेत, असंही मला सांगून झालंय. ते माझ्याकडे शिल्लक नाहीत.

मुलाच्या बाळंतपणासाठी, म्हणजे सुनेच्या, शैला सहा महिने कॅनडाला राहून आली होती. तिथे शेजारी मोरोक्कोची एक बाई राहायची, फातिहा. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. तरी दोघींचं मेतकूट जमलं. फातिहानं तिला एक रस्सा शिकवला. काबुली चणे, लाल भोपळा, गाजर, जर्दाळू, त्यात जिरं, सुंठ, दालचिनी, आणि मिठात मुरवलेलं लिंबू. विजेच्या एका जाड मातीच्या भांड्यात सकाळी सगळं घालायचं आणि झाकण ठेवून विसरून जायचं. दिवसभर मंद मंद शिजत राहतं. येताना शैलानं दुसरं काही आणलं नाही, ते भांडं मांडीवर घेऊन आली. तिथली वीज वेगळी, म्हणून इथे चालायला बुधवार पेठेतून एक वजनदार ट्रान्सफॉर्मर आणला. तो सुरू झाला की बारीक गुणगुणायचा. मुरवलेल्या लिंबाची सोय तर घरातच होती, आमच्या आईच्या पद्धतीचं उपासाचं लोणचं! "ताई, कुठलं मोरोक्को आणि कुठलं आपलं लोणचं बघा," म्हणून ती लहान मुलीसारखी हसली होती.

तिला त्या रश्श्याचं एवढं का होतं, ते मला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक दिवसाला ओटा बांधलेला होता. आता सकाळी भांडं लावलं की दुपारी शिकवण्या घ्यायला निर्धास्त जाता येणार होतं, आणि संध्याकाळी आल्यावर आयतं गरम जेवण, तेही स्वतःच्या आवडीचं. अविनाशसाठी वरण-भात वेगळा करायची तिची तयारी होतीच. तिनं मागितलं काय, तर आठवड्यातून एक दिवस.

पण चणे शिजेनात. रात्री झाकण काढावं तर भोपळा अर्धवट, चणे दाताखाली कचकच. मग शेवटी प्रेशर कुकर आणि शिट्ट्या. अविनाश ताटावर बसून म्हणायचा, "मग दिवसभर काय पूजा मांडली होती?" एकदा माझ्यासमोर म्हणाला, "छोल्यांची बासुंदी झाली का गं, की अजून आटवायचीय?" पाहुणे असले की त्याला जास्तच चेव यायचा. आणि शैला? ती ओशाळून हसायची. दुकान बदललं, चणे दोन रात्री भिजवून पाहिले, सोडा घातला, मुलाला फोन करून फातिहाला विचारायला लावलं. फातिहाचा निरोप आला, मऊ होतातच, न होऊन सांगतात कोणाला.

मग एकदा ती भांडं आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. इथे सकाळी लावलं, दोघी कात्रजच्या तळ्यापर्यंत फिरून आलो, गप्पा मारत बसलो. संध्याकाळी झाकण उघडलं तर दालचिनीचा वास जिन्यापर्यंत! चणे बोटानं दाबले तर लोण्यासारखे. शैला पहिला घास खाऊन रडायलाच लागली. आणि डोळे पुसता पुसता तिनं निकाल लावून टाकला, "ताई, पाण्याचा फरक. आमच्याकडचं पाणी जड आहे." मलाही पटलं. डाळ शिजली नाही की पाण्याला दोष द्यायचा, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. त्या शनिवारपासून कॅन सुरू झाला.

कात्रजच्या पाण्यातही तिच्या घरी चणे शिजले नाहीत. तरी ती यायची. हळूहळू तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. चाळीस वर्षं डोळे मिटून वरणात मीठ घालणारी बाई फोन करून विचारायला लागली, "ताई, दोन वाट्यांना किती घालू?" शेवटच्या भेटीत कॅन उचलताना म्हणाली, "माझा हातच गेला हो. मेलं एकदा तरी माझ्या घरात नीट जमू दे, मग नाही करणार." मी म्हटलं, जमेल गं. ती बसस्टॉपकडे गेली, कॅनच्या वजनानं एका बाजूला कलून.

तेराव्यानंतर अविनाशनं ते भांडं आणि ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आणून टाकलं. "ही अडगळ तूच ठेव बाई." गेल्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं आणि तिचा रस्सा लावला. म्हटलं, माझ्याकडे नक्की शिजतो, एकदा खाऊ दे याला. खाऊन कळू दे तिच्या हाताला काय चव होती. तो दुपारीच आला, पुढच्या खोलीत आडवा झाला. मी खाली भाजीला गेले, तिथे ओळखीच्या बायका भेटल्या, यायला दिवेलागण झाली. जेवायच्या वेळी झाकण काढलं... चणे कच्चे. भोपळा तसाच.

"अविनाश, मधे वीज गेली होती का रे?"

"छे. मीच बंद केलं होतं. त्या डब्याच्या गुणगुणीनं झोप लागते का माणसाला? तू यायच्या आत लावलं की परत. घरीही असंच करायचो. ती शिकवणीला गेली की बंद, ती यायच्या आत चालू. उगीच कटकट नको."

त्याला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, म्हणून त्यानं कधी सांगितलं नव्हतं. इतकंच. त्याची दुपारची झोप मोडू नये म्हणून माझी शैला पाणी वाहत होती... संताप संताप झाला जिवाचा. कुकर काढला नाही. तसाच कच्चा रस्सा त्याच्या ताटात वाढला आणि समोर बसले.

त्यानं एक घास चावला. "कच्चंय गं. शैलाचं अगदी असंच व्हायचं."

"हो. असंच व्हायचं. कुणामुळे ते कळलं का आता?"

तो चावायचा थांबला. मग म्हणाला, "पाण्याचाही फरक असेल, ताई."

मी उठले. ओट्याखालून कॅन ओढला आणि त्याच्या ताटाशी आणून ठेवला. म्हटलं, हा शैलाचा, न्यायचा राहिलाय, घरी घेऊन जा. त्यानं हात धुतला, कॅन उचलला आणि खाली उतरला. जिन्यात दोनदा कॅन टेकवल्याचा आवाज आला.