भट्टीच्या छतातला लोखंडी बूच

माझे वडील खानदेशात, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये हंगामी खलाशी, म्हणजे मदतनीस होते. इंजिनं बंद झाली, नोकरी गेली. परीक्षा देऊन त्यांनी बॉयलर चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवलं आणि आम्ही सुरतेत लिंबायतला आलो. भेस्तानच्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये ते प्रमाणपत्र चौकटीत घालून बॉयलरशेजारच्या भिंतीवर टांगलेलं असे.

बॉयलरच्या भट्टीच्या छतात शिसं भरलेला एक बूच असतो. पाणी फार खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते, आग दबते. एकदा तो वितळला आणि मिल दिवसभर बंद राहिली. सुपरवायझरने त्या जागी भरीव लोखंडी बूच बसवून घेतला.

"पानी उतरनं तं कोन सांगी?" रागाच्या भरात वडील घरच्या अहिराणीत बोलले.

"काका, इंजन नहीं चलाना है, कपडा रंगना है," सुपरवायझर हसला.

वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी शिशाचा बूच परत लावायचा सुपरवायझरचा हुकूम आला. वडिलांनी लावला नाही. शेडमधली रीत अशी, की तपासणीआधी राख काढायची, झाकणं उघडायची, पण दोषाला हात लावायचा नाही. इंजिन जसं धावलं तसंच निरीक्षकाने पाहायचं. दोष झाकणाऱ्याला तिथे कोणी चहासुद्धा विचारत नसे. निरीक्षक पाहतील, बूच बदलायला लावतील, एवढंच वडिलांनी धरलं होतं.

निरीक्षकांनी पाहिलं. मग विचारलं, "बॉयलर कोणाच्या ताब्यात?"

सुपरवायझरने भिंतीकडे बोट दाखवलं.

मिलने त्याच दुपारी शिशाचा बूच लावला आणि आठवड्यात बॉयलर पुन्हा पेटवला. वडिलांचं प्रमाणपत्र रद्द झालं. त्यांना दुसरं काम येत नव्हतं.

मी तेव्हा एका गुजराती दैनिकात उपसंपादक होतो. चार ओळींची बातमी माझ्याच टेबलावर आली. ऑपरेटरच्या बेदरकारीमुळे बॉयलर बंद. मी तपशील तपासले. बूच लोखंडी होता, जबाबदारी त्यांचीच होती. तो बसवायच्या सुपरवायझरच्या हुकमाला कागद नव्हता, आणि साक्षीदार एकच, माझे वडील. मी बातमी छपाईला सोडली.

वडिलांना गुजराती वाचता येत नाही. सकाळी त्यांनी अंक माझ्यापुढे धरला. मी वाचून दाखवलं.

"पुढे वाच," ते म्हणाले.

पुढे काही नव्हतं.