बबनभाऊंचा मोजलेला कचरा

किस्से साठतात ते केरासारखे. सकाळी झाडून काढावेत, तर दुपारी कोपऱ्यात पुन्हा चार! आमच्या लोणावळ्याच्या आळीतले निम्मे तर बबनभाऊंचेच. हे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. भिंत पातळ आणि माझे कान तिखट, त्यामुळे मला सगळं ठाऊक!

तेव्हा मुंबई-पुण्याच्या सगळ्या मोटारी आमच्या दारावरून जायच्या. नगरपालिकेने भाऊंना हंगामी कामावर घेतलं. काम काय, तर रस्त्याकडेचा कचरा मोजायचा! कुठे काय पडतं ते रोज रजिस्टरात लिहायचं, म्हणजे पिंपं कुठे ठेवायची ते साहेबांना कळेल. रजिस्टर खरं निघालं तर पावसाळ्याआधी भाऊ कायम होणार. वहिनींनी गणपतीला नारळसुद्धा बोलून ठेवलेला.

पहिल्याच दिवशी भाऊंनी दारांसमोर पांढऱ्या फक्कीने मोठा चौकोन आखला. यातलंच मोजायचं. चिक्कीवाले कांतीशेठ धावत बाहेर आले. "रस्ता रुंद करणार? माझं दुकान पाडणार?"

"नाही हो शेठ, तुमच्या चिक्कीचे कागद मोजणार."

शेठचा चेहरा पडला. "मग पाडलेलं परवडलं!"

हौसाबाई डोंगरावरच्या वाडीतून करवंदं आणायची, पानाच्या द्रोणात विकायची. भाऊंनी पडलेले द्रोण मोजले, अकरा. लिहून मान वर केली, तर उरले चार, आणि हौसाबाईची शेळी तोंड हलवतेय!

"अगं, बांध तिला! माझे आकडे खातेय ती!"

"न्हाई बांधायची," हौसाबाई म्हणाली. "तुमी नुसतं मोजताय, ती उचलतीय तरी! तिलाच कायम करा!"

एकदा चौकोनात उतारा पडलेला. हळदकुंकू लावलेलं लिंबू नि भात. भाऊ हात लावेनात, लिहीनात. "नोंद केली आणि ते माझ्याच मागे लागलं तर?" पान कोरं! कागदांची नोंद टाळायला शेठना युक्ती सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर बाजारातली ताजी पाच लिंबं, कुंकू लावून! वहिनींनी ती मुकाट उचलली, धुतली आणि लोणचं घातलं. भाऊ बोटं चाटून खायचे. कुठल्या लिंबांचं, ते मीही सांगितलं नाही, म्हणजे बघा!

मग साहेबांची तपासणी ठरली. भाऊंनी सकाळी सातला मोजून लिहिलं, त्र्याहत्तर, आणि अंघोळीला गेले. मी आळीभर सांगत सुटले, "साहेब येतायत, भाऊंची लाज राखा!" घराघरातून खराटे निघाले. दहाला साहेब सिगारेट ओढत आले, तर रस्ता आरशासारखा!

"त्र्याहत्तर लिहिलेत. आहेत कुठे?"

भाऊ पांढरेफटक. वहिनी दारात रडवेल्या. घोळ माझा होता! मी घरात पळाले, सकाळी रस्त्यावरून झाडलेल्या केराची टोपली आणून चौकोनात पालथी केली. "साहेब, हा माझा!" पाठोपाठ शेजारणींच्या टोपल्या. शेठनी मान खाली घालून सकाळी उचललेले कागद पोत्यातून ओतले. हौसाबाई लांबून ओरडली, "द्रोण माजं हायेत! शेळी धरलीया, बिगीनं मोजा!"

साहेबांनी छडी टेकवत स्वतः मोजलं. चौऱ्याहत्तर! एक जास्त. वहिनींनी डोळेच मिटले.

भाऊंनी वाकून पाहिलं. चौकोनाच्या कडेला सिगारेटचं थोटूक, अजून धुमसतंय. आमच्या आळीत तर सगळे बिडीवाले.

साहेबांनी त्यावर अलगद बूट ठेवला. "त्र्याहत्तर. बरोबर आहे," म्हणाले, आणि सहीला पेन मागितलं.