भरतीच्या वेळी गाडी कोणी काढली?

मंडळी, भूत-खेत, चकवा, साक्षात्कार यांच्यावर मी आजवर फक्त हसत आलोय. अमरावतीला राजापेठेत माझे विज्ञानाचे क्लासेस आहेत, तेव्हा हसणं हा माझ्या धंद्याचाच भाग समजा. खाली जे लिहितोय ते दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर त्यावर पहिली खवचट कमेंट माझीच पडली असती.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं गाडीने कोकणात गेलो. मी, बायको सुनंदा, नववीतली मुलगी रेवा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईने अख्ख्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. अंजनगाव सुर्जीचं माहेर, अमरावतीचं सासर, मधे कधीतरी शेगाव... झालं तिचं जग. अलिबाग पाहून आम्ही रेवदंड्याला मुक्काम केला. जुनं बंदर, पोर्तुगीजांचा कोट, नारळी-पोफळी, खानावळीत ताजी सुरमई. आम्ही तिघं तुटून पडलो. माळकरी आई मात्र नाकाला पदर लावून सोलकढीकडे संशयाने बघत बसली.

म्हणून मी ठरवलं, आईला समुद्राकाठी रोडगे खाऊ घालायचे. आमच्याकडे थंडीत नदीच्या कोरड्या पात्रात गाडी उतरवायची, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत चापायचे, हा रिवाजच आहे. त्यासाठी अमरावतीहून डिक्कीत पोतंभर गोवऱ्या आणल्या होत्या. हो, आठशे किलोमीटर! टोलनाक्यावरच्या माणसाने नाक मुरडून विचारलं, "काय भरलंय आत?" मी छाती फुगवून म्हटलं, "इंधन."

ओहोटी होती. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट लागत होती. मी गाडी थेट खाली नेली. खानावळीचे काका मागून ओरडले, "अहो, खाली नका लावू! दुपारी भरती आहे."

"काका, भरती-ओहोटी मी शिकवतो," मी खिडकीतून म्हणालो.

हे वाक्य सुनंदा मला आजही आठवड्यातून एकदा ऐकवते.

रोडगे झकास झाले. धूर पाहून चार माणसं बादल्या घेऊन धावत आली आणि रोडगे खाऊन गेली. आई लाटांकडे पाहून म्हणाली, "केवढं पानी हाये रे बाप्पा! पन कोनाच्या कामाचं नाही." जेवल्यावर तिला पेंग यायला लागली. गुडघ्यांमुळे तिला वाळूत दहा पावलं चालवत नाही. तिला पुढच्या सीटवर बसवलं, काचा खाली केल्या, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही तिघं कोट बघायला गेलो. "धा मिन्टात येतो," म्हटलं.

दहा मिनिटांचा सव्वा तास झाला, कारण मी रेवाला पोर्तुगीजांचा इतिहास सांगत होतो. मला तो येत नाही. तटावर चढलो तेव्हा रेवा म्हणाली, "बाबा... गाडी कुठे आहे?"

खाली आमची चूल नव्हती, वाळू नव्हती. गाडी लावली होती तिथे लाटा फुटत होत्या.

मी कसा उतरलो, ठाऊक नाही. एक चप्पल तटावरच राहिली. गुडघाभर पाण्यात शिरून मी "आई! आई!" ओरडत होतो. डोक्यात एकच — चौऱ्याहत्तर वर्षं नीट सांभाळलेली बाई मी एका दुपारी घालवली.

तेवढ्यात सुनंदाची हाक आली. "अहो, इकडे या!"

गाडी वर, सुरूच्या बनात होती. कोरडी ठणठणीत. आई आत बसून संत्रं सोलत होती.

"गाडी कोनं आनली?" मी दार धरून विचारलं.

"आता हे काय नाटक? तूच तं आनली. पयत आला, म्हने आई, काच वर कर, पानी येऊन रायलं. गाडी लावली अन् पुन्हा गेला. पॅन्ट काहून वली केली रे?"

किल्ली माझ्या खिशात होती. दुसरी अमरावतीला, कपाटात. मी काकांकडे धावलो. वाटलं, यांनीच काहीतरी युक्ती केली असणार. काका उलट चिडलेले. "मी हाका मारतोय, तुम्ही बघायला तयार नाही! हाच शर्ट. एकटेच आलात, गाडी काढलीत, वर लावलीत."

रेवाच्या मोबाइलमध्ये त्याच वेळेचे माझे फोटो आहेत. तटावर, हात पसरून, तोंड उघडं.

सुनंदा मात्र गाडीभोवती फिरून आली आणि हळूच म्हणाली, "हे तुमी नाही केलं. मी लिहून देते." गाडी रिव्हर्समध्ये, दोन झाडांच्या मधोमध, सुतात लावलेली होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला रिव्हर्स घेता येत नाही.

परवा अंजनगावला मामाकडे वास्तुशांत होती. तिथे आईने सगळ्या गोतावळ्यासमोर हा किस्सा सांगितला. आजवर आई माझे किस्से सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मी बारावीला चुकीच्या सेंटरवर गेलो, स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचलो, वगैरे. या वेळी कोणी हसलं नाही. "समुद्र आंगावर आला होता," आई म्हणाली, "पन माह्या पोरानं मले काढलं." मामांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि आईकडे पाहिलं. तिची मान अशी ताठ मी कधी पाहिली नव्हती. सुनंदाने हळूच माझा पाय दाबला.

मी तोंड मिटलं.

झोपेत चालणं, भास, चुंबकीय क्षेत्र... सगळं तपासून झालं. उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, पण आईला कळवू नका. तो जो कोणी होता त्याचा मला थोडा हेवा वाटतो, आणि खरं सांगू? अभिमानही वाटतो. चेहरा तर माझाच होता ना.