पत्र्याखालून स्लॅबखाली

आमच्या घराला चांगला मजबूत स्लॅब आहे, आणि मी झोपायची अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. नांदेडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आत, पुढच्या खोलीत, हे एकटे पंख्याखाली घोरायचे. "लग्नाची बायको आहे, पण भेटायचं तर अंगण ओलांडावं लागतं," असं हे पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. मला काही हसू यायचं नाही.

माझं माहेर लातूरकडचं. मोठा भूकंप झाला तेव्हा मी माहेरीच होते. दगडमातीचं घर बसलं. मला लोकांनी बाहेर काढलं, आई आत राहिली. पुढे आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि भूकंपाचा धडाही शिकवला. माणसं मारली ती जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या माळवदानं, नीट बांधलेलं घर तग धरतं, हे फळ्यावर चित्र काढून सांगितलं. पोरांना पटायचं. मला मात्र अंथरुणावर पाठ टेकली की पटेनासं व्हायचं. वर जड छत असलं की श्वास अडायचा. हे काही शास्त्रीय नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि सांगणाऱ्याचा मला रागच यायचा.

निवृत्तीनंतर आमचं एक विज्ञान-तंत्रज्ञानाचं मंडळ जमलं. दर शनिवारी सकाळी बैठक, कधी याच्या घरी, कधी त्याच्या. अध्यक्ष नाही, हार नाही, नारळ नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर साहेब, टेलिफोन खात्यातले एक मेकॅनिक, ज्यांना आम्ही फोनवाले म्हणतो, मी, आणखी काही समवयस्क, आणि हे. हे बँकेतले, त्यांचा विज्ञानाशी संबंध चहापुरता. मंडळाचा नियम एकच: जे बोलाल ते करून दाखवायचं. "मोबाईलवर आलंय" असं जो म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. या नियमामुळे इंजिनिअर साहेब म्हातारपणी फार उत्तम चहा करायला शिकले.

मध्यंतरी हिंगोलीकडे जमीन हलली आणि आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली. मोबाईलवर तर लगेच जगबुडीच आली. साहेबांनी मुकाट्यानं चहा ठेवला आणि आधण येईपर्यंत जाहीर केलं, "लोकांचं कशाला वाचायचं? आपणच भूकंप मोजायचं यंत्र करू."

यंत्र तसं साधं. लोखंडी सळई फाटकासारखी आडवी टांगायची, तिच्या टोकाला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लावायचं आणि ते तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोंबू द्यायचं. जमीन हलली की वेटोळ्यात किंचित वीज तयार होते आणि लॅपटॉपवर रेघ उडते. वेटोळं फोनवाल्यांनी गुंडाळलं. हात थरथरतात त्यांचे, पण तार हातात आली की थरथर कुठं जाते कोण जाणे.

प्रश्न आला ठेवायचं कुठं. पक्की जमीन हवी, वर्दळ नको. हे चटकन म्हणाले, "आमच्या आतल्या खोलीत ठेवा. तिथं कुणी झोपत नाही." आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायले. त्यांचा डाव मला कळला: जमीन हलत नाही हे रोज डोळ्यांनी पाहिलं की मी आत झोपेन. बाईच्या भीतीवर विज्ञानाचा उतारा! मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पण यंत्र बसलं, आणि सकाळी रेघ उडायला लागली.

एक दिवस नव्हे, रोज. सकाळी चहा-नाश्ता झाला की रेघ थरथरायला लागायची, थांबायची, परत सुरू व्हायची. मी दारातूनच बघायची, आत पाऊल टाकायची नाही. ज्या घरात मी झोपायला भीत होते, त्याच्या खालची जमीन खरंच हलत होती, असं मला ते यंत्र सांगत होतं. मी ह्यांना म्हटलं, "चला, पुण्याला लेकाकडे जाऊन राहू. घर बंद करा." ह्यांचा चेहरा पडला. त्यांनी नोकरीभर पै-पै जोडून बांधलेलं घर ते. तरीही "बरं, जाऊ," म्हणाले. त्या "बरं"चंच मला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी मंडळ आमच्याकडे आलं ते आनंदानं फुलून. भूकंप सापडला होता ना! साहेबांनी काळ्या पाषाणाचे थर कागदावर काढून दाखवले, कुठल्या भेगेत पाणी मुरत असेल ते सांगितलं. फोनवाल्यांनी तारेची तपासणी केली. सगळे शिंकत होते, डोळे पुसत होते, आणि जमिनीच्या पोटाबद्दल बोलत होते. मी एका कोपऱ्यात बसून बॅगेत काय काय भरायचं याचा विचार करत होते.

तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. मी सवयीनं रेघेकडे पाहिलं. रेघ एकदम सरळ. लाईट आली. थोड्या वेळानं रेघ परत नाचायला लागली.

"साहेब," मी म्हटलं, "भूकंपाला वीज कशाला लागते?"

साहेबांनी एकदा रेघेकडे, एकदा दिव्याकडे पाहिलं. मग फोनवाले जोरात शिंकले आणि म्हणाले, "आयला! मिरची!"

आमच्या मागच्या भिंतीला लागून विजेवर चालणारं मिरची कुटायचं कांडप आहे. उन्हाळा आला की गल्लीभरच्या बायका डबे घेऊन येतात आणि दिवसभर धाडधाड चालतं. इतक्या वर्षांत तो आवाज आमच्या कानांना ऐकूच येईनासा झाला होता. वासाचंही तेच. एवढे सगळे शिकलेले लोक शिंकत बसले होते आणि कारण शोधत होते पाताळात.

"करून दाखवा," मी म्हटलं.

फोनवाले मोबाईल कानाला लावून कांडपावर गेले. इकडे मी रेघेसमोर. "बंद करा," मी सांगायची, तिकडे कांडप थांबायचं, रेघ सरळ. "चालू करा," की रेघ उड्या मारायला लागायची. पुन्हा बंद, पुन्हा चालू. शेवटी फोनमधून कांडपवाल्या बाईंचा आवाज आला, "ओ बाई, काय करून राहिले तुमी लोकं? मिरची कुटायची हाय का न्हाई, एकदाचं सांगा! गिऱ्हाईक खोळंबून हाय."

मंडळ पोट धरून हसलं. साहेब सगळ्यात जास्त. मी हसता हसता रडायला लागले.

मला हायसं वाटलं होतं, पण भूकंप नव्हता एवढ्यासाठी नाही. माझ्या मनात वेगळंच आलं होतं. हे कांडप आमच्या शेजारी कितीतरी वर्षांपासून आहे. म्हणजे दर उन्हाळ्यात हे घर असं रोज हादरत होतं. दिवसभर मी त्यातच वावरत होते आणि मला कळलंही नाही. आणि ते उभं होतं. मी उठून आतल्या खोलीच्या भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले, खुर्चीवर चढून स्लॅब हातानं चाचपला. कुठं केसाएवढी चीर नव्हती. फळ्यावर मी जे वर्षानुवर्षं पोरांना सांगितलं, ते कुणीतरी मला करून दाखवलं होतं.

त्याच आठवड्यात मी पत्र्याखालची खाट आतल्या खोलीत, यंत्राशेजारी आणली. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी खाट परत बाहेर नेली असती, हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या शनिवारी साहेब लॅपटॉप उघडून बसले आणि एकदम सरसावले. "बाई, हे बघा! कांडप बंद असताना, रात्रीच्या वेळी! बारीक बारीक धक्के, थांबून थांबून, पहाटेपर्यंत. हे मात्र खरं दिसतंय."

मी पाहिलं. छोट्या छोट्या उड्या, ओळीनं आलेल्या, मग बराच वेळ काही नाही, मग परत तशाच.

हे चहाचा कप खाली ठेवून खाकरले. "साहेब, ते माझे पाय आहेत," हे म्हणाले. "ही उठून परत पत्र्याखाली गेली की काय, ते बघायला येत होतो."

मला त्यातली एकही चाहूल लागली नव्हती. मी झोपलेली होते.