फिनिशिंगला मुलगा

सरांनी माझा कागद दोन बोटांत धरून नाकाशी नेला. वास घेतला. डोळे मिटून म्हणाले, "अहाहा. मेंढ्या आल्या रे वर्गात."

वर्ग हसला. मीही हसलो.

ते हसले त्याचं मला आता काही वाटत नाही. मी का हसलो, ते अजून मनातून जात नाही.

बारामतीतलं एक कॉलेज. नव्वदीतली गोष्ट. चार वर्षांच्या कमर्शियल आर्टचं दुसरं वर्ष. आता त्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात. विषय दिला होता, कुठल्याही धंद्याचं बोधचिन्ह करून आणा. कुणी हॉटेलचं केलं, कुणी बँकेचं. मी आमच्या कळपाची खूण काढली.

आम्ही निरवांगीचे. धनगर. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, मेंढरं होती. दोन-तीन कळप एका पाण्यावर आले की कुठलं मेंढरू कुणाचं ते कळत नाही. म्हणून पाठीवर गेरूनं खूण करायची. आमची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक टिंब. जनावर कुठूनही बघा, खूण तीच. धुरळ्यात दिसते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता येते. मला वाटलं, बोधचिन्ह म्हणतात ते ह्यालाच. अजूनही वाटतं.

लाल पोस्टर कलर संपला होता. घरून आणलेला गेरू जवसाच्या तेलात कालवला आणि लावला. वास येत होता, खोटं कशाला बोलू. पण तो तेलाचा होता.

"हात बरा आहे तुझा," सर म्हणाले. "रेघ स्वच्छ मारतोस. डोकं मात्र अजून कळपातच आहे." मग पहिल्या बाकाकडे बोट केलं. तिथं संग्राम बसायचा. माळेगावच्या बाजूचा. घरचा उदंड ऊस, दारात जीप, आणि सर रविवारी त्यांच्याकडे जेवायला. "ह्याला कल्पना सुचतात, पण हात बसत नाही. तू ह्याचं फिनिशिंग करत जा. तुलाही चार गोष्टी शिकायला मिळतील."

मला ते बक्षीस वाटलं. लिहिताना लाज वाटते. पण वाटलं.

आधी संग्रामचीच कामं यायची. मग त्याच्या तीन दोस्तांचीही यायला लागली. फिनिशिंग म्हणजे काय, तर कागदावर पेन्सिलीनं एक वाकडा चौकोन असायचा आणि आत लिहिलेलं असायचं, "इथं काहीतरी भारी." ते भारी मी करायचं. अक्षरं मी बसवायची, रंग मी ठरवायचे, खाली सही त्यांनी करायची. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर मालकांची नावं रंगवून मी शाळेचा खर्च काढला होता. मोकळ्या हातानं अक्षर काढायला मला पट्टी लागत नव्हती.

"ए आर्टिस्ट," संग्राम माझ्या खोलीवर यायचा, "उद्यापतुर दे बरं का. आन् जरा बिघडवून कर. लय चांगलं केलंस तर सरांना कळंल."

सरांना कळत होतंच. मी बिघडवत नव्हतो. तेवढाच माज शिल्लक होता. माझे स्वतःचे कागद मी शेवटी करायचो, पहाटे, उरलेल्या रंगात.

शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीचे साहेब मुलगा निवडायला आले. जागा एकच. घरी सांगून आलो होतो, ही नोकरी लागली तर बघा. आई शेजारीपाजारी सांगून मोकळी झाली होती. आमच्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि टेबलावर बसून पगार घेणाराही मीच पहिला होणार होतो.

साहेब मोठ्या टेबलाशी बसले. आम्ही सगळे मागे भिंतीला. एकेकाची फाइल उघडायची, त्याला पुढं बोलवायचं.

संग्रामची फाइल. "लेटरिंग कुणाचं?"

"माझंच, सर."

दुसऱ्याची. "माझंच." तिसरा. चौथा. चौघांचंही आपापलंच.

माझी शेवटी. साहेबांनी तीन कागद उलटले आणि थांबले. संग्रामची फाइल परत ओढून माझ्या फाइलीशेजारी ठेवली. एका 'क'वर बोट ठेवलं, मग दुसऱ्या 'क'वर.

"ह्याचं बघून मारलंस ना?"

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. तिकडं बघतच म्हणाले, "गावाकडची मुलं. चांगलं दिसलं की उचलतात."

अडीच वर्षं. चार फायली. आणि चोर मी.

"त्या चारी फायलींतलं लेटरिंग माझं हाय," मी म्हणालो.

सर वळले. "आधी नीट बोलायला शीक."

"नीटच बोलतोय. ब्रश द्या चौघांना. एक 'क' काढायला सांगा. मी पण काढतो."

कुणी पुढं आलं नाही. संग्राम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. सुटलेली नव्हती. साहेबांनीच ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि माझ्यापुढं धरला. मी कोऱ्या कागदावर एका दमात 'क' काढला. त्यांनी तो फायलींशेजारी ठेवला. बराच वेळ बघितला.

मला वाटलं, आता.

साहेब खूश होऊन हसले. "मग तर प्रश्नच मिटला. मला फिनिशिंगला मुलगा हवाच होता. डिझायनर म्हणून ह्याला घेतो," संग्रामकडे बोट, "आणि तू ह्याच्या हाताखाली. जोडी जमलेलीच आहे तुमची."

खरं कळलं होतं त्यांना. डोळ्यांनी बघितलं होतं. तरी ठरलं तेच.

"नशीब काढलंस," सर म्हणाले. "साहेबांचे आभार मान."

संग्रामनं पाठीवर थाप मारली. "चल की लेका, एकाच खोलीवर राहू. मला रेघ कुठं येतीय?"

मी म्हणालो, "मी ह्याच्या हाताखाली यायचा न्हाय."

"काय?"

"न्हाय यायचा. ह्याच्याबी न्हाय, दुसऱ्या कुणाच्याबी न्हाय."

मी फाइल उचलली. मागून सरांचा आवाज आला, "सबमिशनचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

दुपारच्या एसटीनं निरवांगीला गेलो. आबा मेंढरू मांडीखाली धरून लोकर कातरत होते.

"लागली का?"

"लागली हुती. न्हाय म्हनलो."

कातर थांबली. "येडा हायस का रं? हितं समद्या वस्तीला सांगून बसलोय आमी."

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. आबा मान वर न करता ऐकत होते. मला वाटलं होतं, आता म्हणतील, बरं केलंस पोरा. आबा म्हणाले, "अडीच वरीस त्यांची कामं केलीस. तवा राग न्हाय आला?"

मी खाली पडलेली लोकर गोळा करायला लागलो.

"आन् आज नोकरी दिली तवा आला व्हय? त्यांनी मागितलं आन् तू दिलंस. बांधून घातला हुता का तुला कुणी?"

मेंढरू सोडून दिलं आणि आबा आत गेले.

सरांचा शब्द लागला नव्हता एवढा आबांचा लागला. तोवर मी सगळा हिशेब सरांवर आणि संग्रामवर मांडला होता. त्यांनी लुबाडलं, हे खरं. दार आतून मी उघडलं होतं, हेही खरं. वाहवा मिळेल म्हणून. त्यांच्यातला वाटेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बारामतीला आलो. शेवटच्या सबमिशनला आठ दिवस होते. माझ्या कॉटवर चौघांचे कागद पडलेले. नुसते चौकोन आखलेले. गठ्ठा उचलला आणि त्यांच्या खोलीवर नेऊन टाकला.

"झाली?" संग्राम उठून बसला.

"न्हाय. तुमची तुमी करा."

"आरं, आठच दिवस राहिल्यात. नापास होऊ की!"

"व्हा."

"सर तुलाबी पाडतील."

"पाडू देत. माझ्या कामावर पडंन."

सरांनी पाडलं नाही. बरोबर काठावर ठेवलं. आमच्या घरातलं पहिलं कॉलेजचं सर्टिफिकेट, त्याच्यावर थर्ड क्लास. मी ते लपवत नाही. कुणी विचारलं तर दाखवतो आणि कसा मिळाला तेही सांगतो.

इंदापुरात एक खोली घेऊन डिझाइनच्या कामाचं टेबल टाकलं. तिथंही माणसं येतात. बोलणं गोड असतं. "डिझाइन आमच्या साहेबांच्या नावावर जाईल, तू फक्त हात फिरव." मी कागद त्यांच्याकडेच परत सरकवतो. रिकामा बसलोय, तरी सरकवलाय. माझ्या टेबलावर जे होईल ते सुचलेलंही माझं असेल, काढलेलंही माझं असेल आणि खाली नाव माझं असेल. हे ज्याला चालत नाही, त्याचा कागद कोरा जाईल.