सुचत नाय रे

कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावण्याआधी ते तळवा पँटला पुसायचे आणि म्हणायचे, “घाई नाय. आधी पाणी, मग बाकी.” धाटावच्या एका केमिकल कंपनीतले आमचे शिफ्ट इनचार्ज. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पिशवीत भाजी भरतानासुद्धा बटाटे खाली, टोमॅटो वर.

मग ते गप्प होत गेले. डबा उघडून तसाच बंद करायचे. वरसे गावातून कामावर येताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसायचे, तर हेल्मेट हातातच. “झोप लागत नाय,” एवढंच सांगायचे.

एका सकाळी रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचा काटा धोक्याच्या खुणेकडे चढत होता आणि दादा व्हॉल्व्हांसमोर उभे होते. हात पुढे केलेला, पण हलत नव्हता.

“दादा, पाणी सोडा!”

“यातलं आधी काय फिरवू? सुचत नाय रे.”

मीच थंड पाणी सोडलं. काटा थांबेपर्यंत मी व्हॉल्व्ह सोडला नाही. खाली माणसं पिंपं भरत हसत होती. त्यांना काही कळलंच नाही.

दादा तडक मॅनेजरकडे गेले. “मला प्लँटवरून काढा, साहेब. माझ्या मरणाचं भ्या नाय. माझ्या हातनं कोण मरल, त्याचं हाय.”

वहिनी आणि मी त्यांना पेणला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, “तीव्र नैराश्य आहे. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम यात बिघडत असावं. सगळं अजून उलगडलेलं नाही. पण ठरवणं, क्रम लावणं जड जातं, हे नक्की. आळस नाही हा.”

“म्हंजे इथंपण केमिकलच,” दादा म्हणाले. वहिनी हसल्या, डोळे पुसत. मग त्यांनी हळूच विचारलं, “डोकं परत येल ना?”

“मन आधी सावरेल. ठरवणं, क्रम लावणं कदाचित मागाहून.”

औषधांनी झोप आली, भूक आली. कंपनीत मात्र ते परतले नाहीत. पेणकडे आपल्या गावी गेले. आता व्हॉल्व्ह मी फिरवतो. कधी क्षणभर काही सुचलं नाही, की मीही आधी तळवा पँटला पुसतो.

मध्यंतरी दादा-वहिनी वडखळच्या एसटी थांब्यावर भेटली. टपरीवाल्यानं विचारलं, “चहा का कॉफी?” दादा एकदा किटलीकडे, एकदा कॉफीच्या बरणीकडे बघत राहिले. ‘चहाच’ माझ्या ओठांवर आलं होतं, पण वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. मागचे लोक कुरकुरले. दादा-वहिनींची एसटी निघून गेली. वहिनी हलल्या नाहीत.

“कॉफी,” दादा म्हणाले.